ताकद हवी की ॲव्हरेज? गाडी घेण्याआधी वही काढा

कायम नोकरीची वाट पाहत बसण्याचे दिवस आता राहिले नाहीत. वस्तीतला दहावी-बारावी झालेला तरुण स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एक गाडी असते. मागे हौदा असलेली, माल वाहणारी गाडी. मालकही आपण आणि ड्रायव्हरही आपणच. ही उमेद चांगली आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु गाडी कोणती घ्यायची, या प्रश्नावर घरात वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, "मोठी पिकअप घेऊ. दीड टन एका खेपेत ओढेल, घाटही चढेल." वडील म्हणतात, "छोटी घे, डिझेल कमी पिईल." आणि चुलीपाशी बसलेली आई एवढेच विचारते, "हप्ता किती?"

वाचकहो, तिघांचेही खरे आहे. म्हणून तर वाद मिटत नाही. आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी.कॉम. गाडीखाली झोपून नटबोल्ट आवळणे आमचे काम नव्हे. पण वस्तीतल्या मुलांचे कर्जाचे अर्ज भरून देताना आणि त्यांचा जमाखर्च पाहताना आमच्या ध्यानात आले आहे, की गाडी रस्त्यावर बंद पडण्याच्या कितीतरी आधी हिशेबात बंद पडलेली असते. तेव्हा ताकद आणि ॲव्हरेज यांचा वाद भावनेवर नको, आकड्यांवर मिटवू या.

ताकद येते कुठून, डिझेल जाते कुठे?

छोट्या गाड्यांचे युग आपल्याकडे २००५ साली टाटा एस आल्यावर सुरू झाले. लोकांनी तिचे नाव 'छोटा हत्ती' ठेवले. तिचे डिझेल इंजिन दोन सिलिंडरचे, सुमारे ७०० सीसीचे होते आणि पाऊण टनाच्या आसपास माल वाहण्यासाठी ती बांधलेली होती. दुसऱ्या बाजूला महिंद्राच्या बोलेरो पिकअपसारखी गाडी. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, अडीच लिटरचे. मॉडेलप्रमाणे सव्वा-दीड टन किंवा त्याहून अधिक माल ती नेते.

आता ताकद म्हणजे काय ते पाहू. कंपनीच्या पत्रकात दोन आकडे असतात. हॉर्सपॉवर म्हणजे इंजिन किती झपाट्याने काम उरकते ते. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. भरलेली गाडी जागची हलवायला आणि चढावर ओढायला हा टॉर्क लागतो. गिअरची रचना ओढण्यासाठी केली, तर त्याच वेगाला इंजिनला जास्त फेरे मारावे लागतात आणि डिझेल जास्त जळते. शिवाय मोठ्या गाडीची चेसी जाड, पाटे जाड, टायर मोठे. म्हणजे हौदा रिकामा असला तरी गाडीचे स्वतःचे वजन रोज ओढावेच लागते. शहरात दर सिग्नलला गाडी थांबते आणि पुन्हा उचलावी लागते. जितके वजन जास्त, तितके प्रत्येक उचलीला डिझेल जास्त.

थोडक्यात, ताकद फुकट मिळत नाही. वापरली नाही तरी तिचे भाडे रोज भरावे लागते.

पहिला हिशेब : रोजचे हलके ओझे

समजा, आपला मुलगा शहरात किराणा, बेकरीचा माल किंवा पाण्याचे जार पोचवतो. २० लिटरचे ३५ जार म्हणजे नुसते पाणीच ७०० किलो झाले. एवढा माल छोटी गाडी नेते. रोज ७० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,७५० किलोमीटर. डिझेल ९० रुपये लिटर धरू. छोट्या गाडीचे ॲव्हरेज १८ आणि मोठीचे १२ धरू. आपल्या गावचा दर आणि आपल्या गाडीचे ॲव्हरेज वेगळे असेल, तर ते आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

छोट्या गाडीचे महिन्याचे डिझेल ८,७५० रुपयांचे होते. मोठीचे १३,१२५ रुपयांचे. फरक ४,३७५ रुपये.

आता आईचा प्रश्न घेऊ. छोटीसाठी ५ लाख आणि मोठीसाठी ९ लाख कर्ज काढले, व्याज ११ टक्के आणि मुदत ५ वर्षे धरली, तर हप्ते अनुक्रमे सुमारे १०,८७० आणि १९,५७० रुपये येतात. फरक ८,७०० रुपये. डिझेल मिळवून महिन्याला १३,०७५ रुपये जास्त. त्याला २५ दिवसांनी भागा. रोजचे ५२३ रुपये! काम तेच, माल तोच, भाडेही तेच. केवळ गाडी मोठी म्हणून रोज सकाळी ५२३ रुपयांचा बोजा डोक्यावर घेऊन घराबाहेर पडायचे. मोठ्या गाडीचे टायर, विमा आणि दुरुस्ती यांचा जादा खर्च यात अजून धरलेलाच नाही.

दुसरा हिशेब : रोजचे जड ओझे

पण थांबा. छोटी गाडी नेहमीच स्वस्त, असा निष्कर्ष इतक्यात काढू नका. समजा, काम सिमेंटचे आहे. ५० किलोच्या २८ गोण्या म्हणजे १,४०० किलो. ठिकाण ३५ किलोमीटरवर. मोठी गाडी एका खेपेत नेऊन परत येते. ७० किलोमीटर झाले, डिझेल ५२५ रुपयांचे लागले. छोट्या गाडीला १४ गोण्यांच्या दोन खेपा कराव्या लागतात. १४० किलोमीटर झाले, डिझेल ७०० रुपयांचे लागले. म्हणजे ॲव्हरेज चांगले असूनही छोटी गाडी रोज १७५ रुपये जास्त खाते!

म्हणून नुसते "लिटरला किती जाते?" हे विचारणे अपुरे आहे. "एक टन माल पोचवायला किती लिटर लागते?" हे विचारले पाहिजे. भरलेली मोठी गाडी या कसोटीवर जिंकते, अर्धी रिकामी मोठी गाडी हरते.

महिनाभर असेच जड काम असेल, तर मोठ्या गाडीचे डिझेलमध्ये ४,३७५ रुपये वाचतात. हप्ता मात्र ८,७०० रुपयांनी जास्त आहे. उरलेले ४,३२५ रुपये, म्हणजे रोजचे १७३, हे वाचलेल्या वेळातून निघाले पाहिजेत. दुसरी खेप वाचल्यामुळे मोकळ्या झालेल्या अर्ध्या दिवसात जवळचे एखादे भाडे मिळाले, तर ते सहज निघतात. ते भाडे मिळण्यासारखे नसेल, तर मोठ्या गाडीचा हट्ट महाग पडेल.

घाटाचा विचार वेगळा करावा लागतो. नाशिकहून वाशीच्या बाजारात भाजी नेणाऱ्याला परतताना कसारा घाट चढावा लागतो, पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी आहे. तिथे काठोकाठ भरलेली छोटी गाडी खालच्या गिअरमध्ये रडत रडत चढते. पत्रकातले ॲव्हरेज पत्रकातच राहते आणि क्लच प्लेट लवकर जाते. ज्याची वाट रोजच घाटाची आणि माल रोजच जड, त्याने मोठी गाडी घ्यावी. त्याच्यासाठी ती चैन नव्हे, गरज आहे.

काही माल जागा खातो, वजन करीत नाही. गाद्या, फोम, रिकामे क्रेट, प्लॅस्टिकचे सामान. अशा मालाला टॉर्क नको, हौद्याची लांबी हवी. हेही पाहून घ्यावे.

महिनाभराची वही

मग आपल्या घराने काय करावे? आमचा सल्ला साधा आहे. गाडी घेण्याआधी एक महिना दुसऱ्याच्या गाडीवर काम करा, किंवा ज्या व्यापाऱ्याचा माल मिळणार आहे त्याच्याकडे चौकशी करा, आणि रोज चार रकाने भरा : माल किती किलो, अंतर किती, रस्ता सपाट की घाटाचा, आणि परतीचे भाडे मिळाले की नाही. वही घरातल्या बाईने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीने ठेवावी. ड्रायव्हर थकून आला की लिहायचे राहून जाते.

महिन्याअखेर जड दिवस मोजा. आमच्या वरच्या आकड्यांप्रमाणे हलक्या दिवशी मोठी गाडी डिझेलमध्ये १७५ रुपये घालवते आणि जड दिवशी तेवढेच वाचवते. म्हणजे २५ पैकी १३ दिवस जड असतील, तेव्हा कुठे डिझेलची बरोबरी होते. हप्त्याचा फरक त्याच्यावर वेगळा. महिन्यात जड दिवस चार-पाचच असतील, तर त्या दिवशी दोन खेपा कराव्यात किंवा ओळखीच्या माणसाची मोठी गाडी भाड्याने लावावी. लग्नसराईतल्या चार भाड्यांसाठी वर्षभर मोठा हप्ता भरणे शहाणपणाचे नाही.

ॲव्हरेज विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका. त्याच रस्त्यावर तीच गाडी चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारा. आपल्या गाडीचे मोजायचे तर टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, आठवडाभर गाडी चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. चाललेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. तेच खरे ॲव्हरेज.

सीएनजी आणि विजेच्या गाड्यांनाही हीच वही लावावी. मारुती सुपर कॅरीसारख्या गाडीचे सीएनजी मॉडेल पेट्रोलच्या मॉडेलपेक्षा कमी माल नेते, कारण गॅसच्या टाकीचे वजनही गाडीलाच वाहावे लागते. इंधन स्वस्त पडते, पण पंपावरच्या रांगेत गेलेला तासही खर्चातच लिहावा. विजेची गाडी ठरलेल्या, जवळच्या फेऱ्यांना बरी. रात्री चार्जिंग कुठे करणार, हे आधी ठरवावे.

पासिंगपेक्षा जास्त भरू नका

काही जण यातून तिसरी वाट काढतात. छोटी गाडी घ्यायची आणि पाट्यांवर पाटे चढवून तीत सव्वा टन भरायचा. हप्ताही छोटा आणि मालही मोठा! ही वाट खड्ड्यात जाते. पाटे वाढवले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. उतारावर भरलेली गाडी थांबली नाही, तर जीव आपल्या मुलाचा जातो आणि समोरच्या निरपराध माणसाचाही. कायद्याचे म्हणाल, तर १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जादा माल भरल्यास २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही, आणि उतरवण्याचा खर्चही आपल्यालाच. एक दंड म्हणजे छोट्या गाडीचे जवळपास दोन हप्ते.

कागदांच्या दोन गोष्टी. मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. त्यावर गेली की लागते. म्हणून गाडी पसंत करताना कागदावरचे एकूण वजन वाचावे. दुसरी गोष्ट लायसनची. हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे. शेरा नाही म्हणून कोणी एजंट पैसे मागत असेल, तर हे त्याला सांगावे.

कर्जासाठी एजंटाकडे धावण्याआधी २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेची चौकशी बँकेत करावी. तीत तारण मागत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे कार्यालय आहे, तिथेही जाऊन यावे. खाजगी फायनान्सवाला दारात येऊन सही घेतो, पण हप्ते थकले की गाडी न्यायलाही तोच दारात येतो.

मोठी गाडी दारात उभी राहिली की गल्लीत मान वाढतो, हे आम्ही जाणतो. ज्यांच्या आजोबांनी डोक्यावर ओझी वाहिली, त्यांच्या नातवाला स्टिअरिंगमागे पाहून ऊर भरून येतोच. पण तो मान पाच वर्षे टिकला पाहिजे. साठावा हप्ता भरून गाडी स्वतःच्या नावावर मोकळी झाली, की तो खरा मान. तोवर दारात कोणती गाडी उभी आहे याची फिकीर करू नका. वहीत कोणते आकडे उभे आहेत ते पाहा, घरातल्या सर्वांना ते वाचून दाखवा, आणि मगच कर्जाच्या कागदावर सही करा.