ठणका थांबला, पण कान बरा झाला का? समजून घ्या कानदुखीची कारणे आणि उपचार

हसनाबाद (ता. भोकरदन, जि. जालना) : कानाचा ठणका बहुतेक वेळा रात्री वाढतो. दोन-तीन दिवस नाक गळत असलेले मूल मध्यरात्री कानावर हात दाबून रडत उठते. घरात कोणीतरी लसणाची पाकळी टाकून तेल कोमट करते, दोन थेंब कानात सोडते आणि वर कापसाचा बोळा बसवते. पहाटे मूल झोपी जाते. सकाळी उशीवर पिवळट डाग दिसतो. कान वाहत असतो, पण दुखणे थांबलेले असते. ‘कान फुटला, आता आराम पडेल,’ असे म्हणत मुलाला शाळेत धाडले जाते आणि मोठी माणसे शेताची वाट धरतात.

गावोगावी घडणारी ही गोष्ट. चूक होते ती शेवटच्या टप्प्यावर. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला, असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात कानाच्या पडद्यामागे साठलेला पू पडदा फाडून बाहेर आलेला असतो. दाब कमी झाला म्हणून ठणका थांबतो. जंतुसंसर्ग मात्र तिथेच असू शकतो. पुढे कान महिनोन् महिने न दुखता वाहत राहतो आणि ऐकू येणे हळूहळू कमी होते.

कान आतून कसा असतो?

कानाचे तीन भाग असतात. बाहेरचा कान म्हणजे आपल्याला दिसणारा भाग आणि आत जाणारी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची नळी. या नळीच्या टोकाला पातळ पडदा असतो. पडद्यामागे मधला कान. तिथे हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे आवाजाची कंपने पुढे नेतात. त्याच्या आत शंखासारखा अंतर्कर्ण असतो. तिथून नसेमार्फत आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो.

मधल्या कानातून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. तिला युस्टेशियन नळी म्हणतात. कानातील हवेचा दाब सारखा ठेवणे आणि तिथला ओलावा घशात उतरवणे हे तिचे काम. सर्दीत ही नळी सुजते आणि बंद होते. म्हणूनच पडसे आले की कानाला दडे बसतात.

लहान मुलांचेच कान जास्त का दुखतात?

लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळपास आडवी असते. त्यामुळे नाक-घशातील जंतू सहज मधल्या कानात शिरतात. तिथे पाणी साठते, त्याचा पू होतो, पडद्यावर ताण येतो आणि ठणका सुरू होतो. आडवे झाल्यावर हा दाब वाढतो, म्हणून रात्री दुखणे असह्य होते.

बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजणे, घरातला चुलीचा किंवा विडी-सिगारेटचा धूर आणि वारंवार होणारी सर्दी यामुळे हा त्रास वाढतो. आईचे दूध आणि वेळेवर लसीकरण यामुळे तो कमी होतो. कानात पू करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची लस सरकारी लसीकरणात २०२१ पासून देशभर मोफत मिळते. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात दिली जाते.

बोलता न येणारे बाळ कान दुखतो हे सांगू शकत नाही. ते सतत कान ओढते, दूध तोंडात घेऊन लगेच सोडते, रात्रभर किरकिर करते, अंगात ताप असतो. अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावा.

दुखणे बाहेरच्या नळीचे की आतले?

घरी याचा अंदाज येऊ शकतो. कान हलक्या हाताने मागे ओढला किंवा कानाच्या भोकापुढचा मऊ उंचवटा दाबला आणि कळ आली, तर त्रास बहुधा बाहेरच्या नळीत आहे. ओढून-दाबून काही होत नाही, पण सर्दी-ताप आहे आणि आतून ठणकते आहे, तर मधल्या कानाची शक्यता जास्त. हा केवळ अंदाज आहे. खात्री डॉक्टरांनी दुर्बिणीने कान पाहिल्यावरच होते.

बाहेरच्या नळीला सूज येण्याची कारणे रोजच्या सवयीत दडलेली असतात. आगपेटीची काडी, केसांची पिन, गाडीची किल्ली किंवा बाजारात मिळणारी कापसाची काडी यांनी कान कोरला की आतली नाजूक कातडी सोलवटते. त्यात उन्हाळ्यात विहिरीत पोहताना किंवा पावसात भिजताना पाणी गेले की जंतू वाढतात. ओल्या कानात तासन् तास इअरफोन घालून ठेवणेही तितकेच वाईट.

पावसाळ्यातील दमट हवेत कानात बुरशी धरते. खाज, दडे आणि ओल्या कागदाच्या लगद्यासारखी घाण ही तिची ओळख. कानात वारंवार तेल घालणाऱ्यांना आणि दिवसेंदिवस कापसाचा बोळा ठेवणाऱ्यांना बुरशीचा त्रास अधिक होतो.

मळ हा मात्र आजार नाही. तो कानाच्या कातडीचे रक्षण करतो आणि बहुतेकांच्या कानातून आपोआप बाहेर येतो. काडी घातली की तो आणखी आत ढकलला जातो आणि घट्ट बसतो. त्रास होत असेल तर मळ मऊ करणारे थेंब घालून डॉक्टर तो काढून देतात.

कान ठीक, तरीही दुखतो

मोठ्या माणसांमध्ये अनेकदा कान तपासला तर तो अगदी चांगला असतो, तरी दुखणे खरे असते. दाढा, जबड्याचा सांधा, टॉन्सिल, घसा आणि जिभेचा मागचा भाग यांच्या काही नसा कानाच्या नसांशी जोडलेल्या आहेत. त्यामुळे दुखणे एका ठिकाणी आणि कळ कानात, असे होते. किडलेली दाढ हे याचे नेहमीचे उदाहरण. गालगुंडातही कानाखाली सूज येऊन कानात कळ मारते.

तंबाखू, गुटखा, मावा खाणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी ही सवय सुटलेली नाही. एकाच बाजूचा कान दोन-तीन आठवडे दुखतो आहे, कानात काही सापडत नाही आणि सोबत तोंडातली न भरणारी जखम, पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणे, गिळताना त्रास, बसलेला आवाज किंवा मानेत गाठ आहे, तर ते तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. अशा वेळी कानात थेंब घालत बसणे म्हणजे हातचा मोलाचा वेळ घालवणे होय.

मधुमेह असलेल्या वयस्कर व्यक्तींनीही कानदुखी अंगावर काढू नये. त्यांच्यात बाहेरच्या नळीतील संसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो. रात्री झोप उडवणारी तीव्र वेदना ही त्याची खूण आहे.

उपचार काय असतात?

पहिली गरज वेदना कमी करण्याची असते. त्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. लहान मुलांना ते वजनानुसार, डॉक्टर सांगतील तेवढेच द्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. सर्दी असेल तर नाक मोकळे ठेवावे, पण नाक जोरात शिंकरू नये.

प्रत्येक कानदुखीला अँटिबायोटिक लागत नाही. दोन वर्षांपुढील मुलांमधला सौम्य त्रास अनेकदा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो. डॉक्टर तोवर वेदनाशामक देऊन लक्ष ठेवण्यास सांगू शकतात. सहा महिन्यांखालील बाळ, जास्त ताप, दोन्ही कानांत दुखणे किंवा कान वाहणे अशा वेळी मात्र औषध सुरू करावे लागते. ते सुरू केले की मधेच सोडू नये. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवणे आणि पुढच्या वेळी भावंडाला देणे, दोन्ही घातक.

बाहेरच्या नळीला सूज असेल तर साफसफाई आणि थेंब हा मुख्य उपचार. बुरशीसाठीचे थेंब वेगळे असतात. कोणत्याही कानाला एकच बाटली चालत नाही. काही थेंबांतील औषध फाटलेल्या पडद्यातून आत गेले तर ऐकण्याच्या नसेला इजा करू शकते. म्हणून आधी पडदा तपासावा, मग थेंब घालावेत.

कान फुटला तर?

ताज्या संसर्गात फाटलेला पडदा योग्य उपचारांनी बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतो. तोवर कान कोरडा ठेवणे महत्त्वाचे. स्वच्छ, मऊ सुती कापडाची वात करून बाहेर आलेला पू अलगद टिपावा आणि वात प्रत्येक वेळी बदलावी. आंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेवावे आणि नंतर काढून टाकावे. पोहणे बंद ठेवावे.

कान दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ वाहत असेल तर तो जुनाट आजार समजला जातो. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. पडद्याचे भोक आपोआप भरले नाही तर शस्त्रक्रियेने नवा पडदा बसवता येतो. थोडाच पण घाण वास येणारा पू असेल तर धोका अधिक असतो. त्यात कातडीची गाठ तयार होऊन ती कानाची हाडे पोखरते. उपचार लांबले तर चेहरा वाकडा होणे, चक्कर येणे, क्वचित संसर्ग मेंदूपर्यंत जाणे असे प्रकार घडू शकतात.

तेल घालावे की नाही?

कान वाहत असेल, पूर्वी फुटलेला असेल किंवा पडद्याची खात्री नसेल तर तेल, लसूण, कांद्याचा रस, दूध यांपैकी काहीही घालू नये. गरम तेलाने कानाची नळी भाजते. तेलाने जंतू मरत नाहीत. उलट आतला पडदा दिसेनासा होऊन तपासणी अवघड होते. आराम हवा असेल तर बाहेरून कोमट कापडाचा शेक द्यावा.

एक अपवाद आहे. रात्री शेतात राखणीला झोपल्यावर कानात जिवंत किडा गेला आणि कान पूर्वी कधी फुटलेला नसेल, तर साध्या तापमानाचे खाद्यतेल काही थेंब घालावे. किडा मरतो, फडफड थांबते. तो काढण्यासाठी मात्र डॉक्टरांकडेच जावे. चिमटा किंवा पिन घालू नये. मुलाने कानात हरभरा, चिंचोका असे बी घातले असेल तर पाणी किंवा तेल टाकू नये. पाण्याने बी फुगून अडकते.

या वेळी थांबू नका

• कानामागे दुखरी सूज किंवा लाली, कान पुढे आलेला दिसणे
• जास्त ताप, मान ताठ होणे, सतत उलट्या, सुस्ती
• चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे
• अचानक ऐकू येणे बंद होणे किंवा तीव्र चक्कर
• डोक्याला किंवा कानाला मार लागून रक्त अथवा पाणी येणे
• सहा महिन्यांखालील बाळाला ताप आणि कानाचा त्रास

यापैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गरज पडल्यास १०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे.

जायचे कुठे?

हसनाबाद परिसरातील कुटुंबांसाठी पहिली पायरी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आशा ताई. त्यापुढे भोकरदनचे ग्रामीण रुग्णालय. तज्ज्ञांच्या तपासणीसाठी जालन्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या ओळखीची ‘घाटी’. जाण्याआधी ओपीडीचे वार आणि वेळ फोनवर विचारून घेतल्यास हेलपाटा आणि बुडालेला रोज वाचतो. शस्त्रक्रिया सुचवली गेली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी. सोबत रेशनकार्ड आणि आधारकार्ड ठेवावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. त्यात कानाचे आजारही पाहिले जातात. मुलाचा कान वाहतो हे पालकांनी पथकाला आवर्जून सांगावे. त्या दिवशी कान कोरडा असेल तर तपासणीत तो सुटू शकतो.

वर्गातल्या मागच्या बाकावरचे मूल

दुखणाऱ्या कानाकडे घरातल्या सगळ्यांचे लक्ष जाते. न दुखता वाहणाऱ्या कानाकडे जात नाही. असे मूल टीव्हीचा आवाज वाढवते, हाक मारली तर ‘आँ?’ करते, शुद्धलेखनात चुकते. घरी त्याला ‘लक्षच देत नाही’ आणि शाळेत ‘अभ्यासात कच्चे’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याला गुरुजींचे निम्मे शब्द पोहोचतच नसतात. अगदी लहान वयात ऐकणे कमी झाले तर बोलणेही मागे पडते.

म्हणून कानाचा ठणका थांबल्यावर आठ-पंधरा दिवसांनी एकदा कान पुन्हा तपासून घ्यावा. पडदा भरला का, आत पाणी उरले का, ऐकू नीट येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की मगच कान बरा झाला असे म्हणावे.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधोपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)