नावांची बेरीज

आपल्याकडे दुकानाची वही बदलायचा दिवस ठरलेला असतो. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर हळदकुंकू वाहायचं, पहिल्या पानावर 'श्री' काढायचा आणि जुन्या वहीतली येणी-देणी 'मागील पानावरून पुढे' म्हणून नव्या वहीत ओढायची. या कामाची कुणाला धास्ती वाटलेली मी पाहिली नाही. बाकी ओढताना चूक झालीच तर जमा आणि नावे यांची बेरीज जुळत नाही, दिवाणजी पुन्हा चष्मा लावून बसतात आणि रात्रीपर्यंत चूक सापडते.

दुकानात आणखी एक वही असते. तिची पूजा कुणी करत नाही. ती गिऱ्हाइकांची वही. कोण, कुठला, फोन काय, काय नेलं, पुन्हा कधी येणार. काहींची ती टेलिफोनच्या डायरीत असते, कडेला ए-बी-सीच्या पायऱ्या कापलेली. काहींची मालकाच्या डोक्यात. अमेरिकेत टेबलावर रोलोडेक्स नावाचं कार्डांचं चक्र फिरायचं. तिथेच १९८७ साली 'ॲक्ट' नावाचा प्रोग्रॅम आला आणि ही वही संगणकात शिरली. 'कॉन्टॅक्ट मॅनेजमेंट' हे तिचं भारदस्त नाव. त्या ॲक्टची कुंडलीच पाहा: १९९३ साली तो सिमँटेकने घेतला, २००१ मध्ये तो सेजकडे गेला आणि २०१३ मध्ये स्विफ्टपेजकडे. दुकानदार आपला जागच्या जागी. त्याने वही ज्या पेटीत ठेवली त्या पेटीचा कारखानदार मात्र बदलत राहिला. आणि पेटी बदलायची वेळ आली की कळतं, या वहीला जमा नाही आणि नावेही नाही. नुसती नावं आहेत.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या एका स्नेह्यांचं पंप-मोटारींचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, बोअरमध्ये सोडायचे सबमर्सिबल पंप, स्टार्टर, केबल आणि जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. या धंद्यात विक्रीपेक्षा नंतरचा संबंध मोठा. एप्रिल महिना, उभा ऊस, वीज येणार रात्रीची, आणि नेमकी मोटार बंद. शेतकरी रात्री अकराला फोन करतो. फोन घेणाऱ्याला तेव्हा कळायला हवं की हा कुठला पाटील, बोअर किती फूट, पंप किती स्टेजचा, कितव्या फुटावर सोडलाय, मागच्या खेपेला केबल बदलली होती की नुसता जोड मारला होता.

१९९६ साली गावातल्याच एका हुशार मुलाने आप्पांना फॉक्सप्रोमध्ये एक प्रोग्रॅम करून दिला. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये नावं, गावं आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक खाना. मुलगा पुढे पुण्याला आणि तिथून परदेशी गेला. प्रोग्रॅम राहिला. फॉक्सप्रोच्या शेवटच्या आवृत्तीचा सांभाळही मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये सोडला, पण आप्पांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांचा संगणक रोज सकाळी उदबत्तीनंतर सुरू होत होता.

पुढे कारभार सूनबाईंच्या हाती आला. बी.कॉम. झालेली, हिशेबाला पक्की. ती म्हणाली, "आप्पा, हा डबा ज्या दिवशी बसेल त्या दिवशी आपणही बसू." मग फोनवर चालणारा, महिन्याच्या भाड्याचा एक नवा प्रोग्रॅम ठरला. कंपनीचा मुलगा आला, त्याने जुनी फाइल उचलली, एक्सेलमध्ये उघडली आणि नव्या प्रोग्रॅममध्ये ओतली.

पहिल्या दिवशी पडद्यावर एकही शिंदे नव्हता. त्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची खिचडी. याचं कारण जरा सांगायला हवं, कारण घरोघरी जुन्या पत्रिका आणि वंशावळी याच व्याधीने आजारी आहेत. नव्वदच्या दशकातले श्रीलिपी, आकृती यांसारखे फॉन्ट म्हणजे एक प्रकारचा मुखवटा होता. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांच्याच खुणा असायच्या, फॉन्ट त्यांना मराठी रूप द्यायचा. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. पण नुसतं या खुणेच्या जागी ते अक्षर असं करूनही भागत नाही. जुन्या फॉन्टात 'शिंदे'मधली पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली असायची. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचंही असंच. हे सगळं उलटसुलट करून देणारे प्रोग्रॅम मिळतात. कंपनीच्या मुलाने तसा एक आणला, आणि शिंदे परत आले. जुन्या यादीत जितकी नावं तितकीच नव्या यादीत. मुलगा चहा पिऊन गेला.

महिन्याभराने एका सकाळी वाडीवरच्या एक बाई दुकानात आल्या. हातातला फोन पुढे करून म्हणाल्या, "आप्पा, ह्यांच्या नावानं निरोप आलाय." नव्या प्रोग्रॅमने आपणहून पाठवला होता: आपल्या पंपाच्या सर्व्हिसिंगची वेळ झाली आहे. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. बाई रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तर दहाव्याला आला होता."

आप्पांनी जुना संगणक लावला. शेऱ्यात स्वच्छ लिहिलं होतं: मालक वारले, थोरल्याशी बोलणे. नव्यात शेऱ्याचा खाना कोरा. या एका नावाचाच नव्हे, सगळ्यांचा. फॉक्सप्रोत असा लांबलचक मजकूर मूळ फाइलीत राहतच नाही. तो शेजारच्या दुसऱ्या फाइलीत जातो आणि पहिलीत त्याचा नुसता पत्ता असतो. मुलाने एकच फाइल उचलली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांचं शहाणपण टेबलाखालच्या डब्यातच राहिलं होतं.

त्या संध्याकाळी सूनबाईंचा मला फोन आला. "काका, तुम्ही बँकेत हे सगळं केलंय ना?"

केलं होतं. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रं आली, मग शाखेशाखेचे वेगळे प्रोग्रॅम, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात कोअर बँकिंग. दर वेळी आठवड्याअखेर व्यवहार बंद करून खाती इकडून तिकडे न्यायची. कसोट्या दोन: खात्यांची संख्या तीच आणि बाकीची बेरीज पैशापर्यंत तीच. दहा पैशांचा फरक असेल तर घरी जायचं नाही. शिवाय सोमवारी खातेदार पासबुक घेऊन दारात उभा. आमच्या हातून सुटलेली चूक तो मोठ्या आवाजात वाचून दाखवायचा. आप्पांच्या वहीत पहिलीच कसोटी चालते. नावं मोजता येतात, त्यांची बेरीज होत नाही. आणि ज्याचा शेरा गळला तो शेतकरी येऊन भांडत नाही. पुढच्या वेळी चौकातल्या दुसऱ्या दुकानात जातो, आणि आपण समजतो यंदा पाऊस बरा झाला म्हणून गिऱ्हाईक कमी.

म्हणून मी सांगितलं, बेरजेऐवजी टाचणी. यादीतलं दर पन्नासावं नाव घ्यायचं, जुना आणि नवा पडदा शेजारी ठेवून खाना न् खाना वाचायचा. काय काय निघालं! सांगलीचा कोड ०२३३. एक्सेलने त्याला आकडा समजून पुढचं शून्य खाल्लं होतं. मोबाइलला ९१ जोडून बारा आकडे झाले तिथे त्याने नंबर आखडून दाखवला, आणि तसाच साठवल्यावर शेवटचे आकडे कायमचे गेले. नवा प्रोग्रॅम तारखा अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचत होता. ५ एप्रिलची दुरुस्ती ४ मेची झाली. बारा तारखेपुढच्या दिवसांना तेरावा महिना मिळेना, म्हणून त्या बचावल्या. गोंधळ अर्धाच, त्यामुळे ओळखायला दुप्पट अवघड.

पण खरी मौज नावांची. नव्या प्रोग्रॅमला फर्स्ट नेम आणि लास्ट नेम एवढंच ठाऊक. आपलं नाव तीन पायांचं, आणि एका गावातल्या दोन पाटलांना वेगळं करतो तो मधलाच पाय. त्यात पाच मेकॅनिकांच्या फोनमधले नंबरही ओतलेले: 'पाटील बोअर', 'पाटील नवीन', 'पाटील चिंचेजवळ'. इंग्रजीत गायकवाड तीन तऱ्हांनी लिहिला की संगणकाच्या लेखी ती तीन माणसं. उलट बाप आणि दोन मुलगे यांचा एकच नंबर दिला असेल तर तो विचारतो, ही नोंद दुबार आहे, एकत्र करू का? 'हो' दाबलं की तीन विहिरींची एक विहीर.

शेऱ्यांची दुसरी फाइल आणून तिचाही मुखवटा बदलला. पण आता घरात वाद पेटला. शेरे आप्पांनी आणि दिवाणजींनी स्वतःपुरते लिहिले होते. 'पैसे ऊसबिल आल्यावर.' 'वडिलांना ऐकू येत नाही, मुलाला फोन करणे.' 'विहीर सामाईक, भावाभावांत कोर्ट चालू, दोघांनाही विचारून खोलणे.' आणि असेही: 'पितो, उधार देऊ नये.' 'बायको माहेरी गेली आहे, वसुलीला जाऊ नये.' हे टेबलाखालच्या डब्यात होतं तोवर दोघांच्या नजरेचं होतं. नव्या प्रोग्रॅममध्ये ते पाच मेकॅनिकांच्या खिशात आणि कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या संगणकावर जाणार. सूनबाई म्हणाली, असलं काही चढवायचं नाही. आप्पा म्हणाले, "मग नव्या पोराला कळायचं कसं? तो नेमका त्याच दिवशी जाऊन दारात पैसे मागेल."

दोघांचंही खरं होतं. आपली काय माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा आणि ती दुरुस्त करून वा पुसून घेण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मान्य केला आहे, हे मी आप्पांना सांगून पाहिलं. त्यांना कायदा पटला नाही. त्यांना पटलं ते सूनबाईचं एक वाक्य: "आप्पा, तो माणूस उद्या समोर बसून हे वाचू लागला, तर तुम्हाला चालेल?" ते बराच वेळ गप्प बसले. मग दिवाणजींना बोलावणं गेलं. ऐंशीला टेकलेले दिवाणजी रोज दुपारी तीन तास येऊन बसायचे, सूनबाई शेरा वाचायची, ते 'ठेव' किंवा 'काढ' म्हणायचे. काही ठिकाणी ते म्हणायचे, "हा आता सुधारलाय." 'पितो' पुसलं गेलं, 'वसुलीला फक्त आप्पांनी जाणे' असं आलं. त्या वाडीवरच्या बाईंच्या नोंदीत आता त्यांचं स्वतःचं नाव मालक म्हणून आहे, सातबाऱ्यावर आहे तसं.

हे काम पाच आठवडे चाललं. दुकानात कुणी कुरकुर केली नाही असं नाही. पंपांचा हंगाम होता. जुना आणि नवा, दोन्ही प्रोग्रॅम पावसाळा सुरू होईपर्यंत जोडीने चालवले.

वर्ष भरत आलं तेव्हा नव्या कंपनीचा मुलगा पुढच्या वर्षाचं भाडं मागायला आला. सूनबाईने त्याला बसवलं आणि म्हणाली, आमची सगळी वही बाहेर काढून या पेनड्राइव्हवर दे. शेरे, तारखा, बोअरचे फोटो, सगळं. तो म्हणाला, असं अजून कुणी मागितलं नव्हतं. तासाभराने नावं आली, शेरे आले, फोटो आले नाहीत. ते येईपर्यंत तिने चेक लिहिला नाही.