फुटबॉलच्या गोष्टी व लहान मुलांचें वाचन



लहान मुलांस वाचनाची गोडी कशी लावावी हा प्रश्न दरवर्षीं पालकसभेंत निघतो, आणि दरवर्षीं त्यास एकच उत्तर मिळतें : मुलांस चांगलीं पुस्तकें द्यावीं. उत्तर खोटें नाहीं. परंतु चांगलें पुस्तक कोणतें हें मोठीं माणसें ठरवितात, आणि मग तें पुस्तक शाळेच्या कपाटांत कोरें करकरीत पडून राहतें. गेलीं तीन वर्षें पांचवीच्या वर्गांत मी एक निराळा प्रयत्न करीत आहें. त्याची हकीकत व त्यामागील कारणमीमांसा आपणांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या शाळेंत सूर्यमाळच्या पठारावरील व भोंवतालच्या पाड्यांवरील मुलें येतात. घरीं कोणी वारली बोलतो, कोणी कोकणा, कोणी कातकरी. पुस्तकांतील मराठी त्यांस बहुधा शाळेंतच प्रथम भेटते. त्यांतून धडा असतो शहरांतल्या बागेचा, आगगाडीच्या फलाटाचा, समुद्रावरील सहलीचा. नागलीची लावणी, वरईची खाचरें व ओढ्यांतले खेकडे यांत वाढलेल्या मुलाला यांतलें कांहींच ठाऊक नसतें. तो अक्षरें ओळखतो, शब्दहि उच्चारतो. परंतु ओळीच्या शेवटाशीं पोंचेपर्यंत ओळीचा आरंभ विसरून जातो. अशा मुलाला आपण 'मंद' म्हणतों. मीहि म्हणत असें.

असाच एक मुलगा माझ्या वर्गांत होता. चार ओळींचा उतारा वाचून त्याचा आशय त्याला सांगतां येत नसे. श्रावणांतल्या एका सकाळीं, पाऊस थोडा उघडला असतां, तो व्हरांड्यांत उभा राहून आदल्या दिवशींच्या फुटबॉलच्या सामन्याचें वर्णन करीत होता. चेंडू प्रथम कोणाकडे आला, त्यानें तो कोणास दिला, बचाव करणारा कोठें उभा होता, चिखलांत चेंडू कसा रुतला, कोणाचा हात लागला व तो पंचांना कसा दिसला नाहीं, हें सारें त्यानें पाव तास, क्रम न चुकतां, एकहि नांव न गाळतां सांगितलें. मी दाराआड उभा राहून ऐकत होतों, आणि मला आपल्या शेऱ्याची लाज वाटली. ज्याची स्मृति इतकी धड आहे त्यास मंद कोण म्हणेल?

त्या रात्रीं मीं त्याचेंच वर्णन सोप्या मराठींत एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरून काढलें व दुसऱ्या दिवशीं त्याच्या हातीं दिलें. त्यानें ओळीखालीं बोट धरून, अडखळत, पण शेवटपर्यंत तें वाचलें. मग मान वर करून तो म्हणाला, "गुरुजी, येथें चुकलें आहे. चेंडू डाव्या अंगानें आला होता, उजव्या नाहीं." माझ्या एकोणीस वर्षांच्या शिक्षकी पेशांत, लिहिलेली गोष्ट चुकीची असूं शकते असें पांचवीच्या मुलानें मला सांगितल्याचा हा पहिलाच प्रसंग होता. केवळ शब्द उच्चारणाऱ्याला चूक सांपडत नाहीं. अर्थ समजणाऱ्यालाच ती सांपडते.

असें कां व्हावें? याचा शोध विद्वानांनीं घेतलेला आहे. 1989 सालीं जर्मनींतील वोल्फगांग श्नायडर, योआखिम क्योर्केल व फ्रान्त्स वाइनर्ट या मानसशास्त्रज्ञांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. तिसरी, पांचवी व सातवी या इयत्तांतील मुलांस त्यांनीं एका फुटबॉलच्या सामन्याची गोष्ट दिली. मुलांत कांहीं बुद्धिमापनाच्या चाचणींत वर ठरलेलीं होतीं, कांहीं खालीं. आणि दोन्ही प्रकारांत कांहीं फुटबॉल उत्तम जाणणारीं, कांहीं न जाणणारीं अशीं होतीं. गोष्ट किती लक्षांत राहिली, तींत न सांगितलेलें किती ओळखतां आलें, मुद्दाम घातलेल्या विसंगति किती सांपडल्या, हें तपासलें. तेव्हां चाचणींत खालीं असलेलीं पण खेळ जाणणारीं मुलें, चाचणींत वर असलेल्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढें गेलीं. अमेरिकेंतील डॉना रेक्ट व लॉरेन लेस्ली यांनीं 1988 मध्यें बेसबॉलच्या वर्णनावरून जवळ जवळ हाच निष्कर्ष काढला होता. त्यांनीं मुलांपुढें मैदानाची एक लहानशी प्रतिकृति व लांकडी खेळाडू ठेविले होते, आणि वाचलेला प्रसंग ते खेळाडू हलवून दाखवावयास सांगितला होता.

यांतील मर्म असें आहे. मनाला एकाच वेळीं थोड्याच नव्या गोष्टी पेलतात. "त्यानें तो त्याच्याकडे ढकलला, पण त्यानें तो अडविला" हें वाक्य घ्या. यांत 'तो' व 'त्यानें' किती वेळां आले, आणि प्रत्येक वेळीं निराळ्यासाठीं! खेळ न जाणणारा येथें गोंधळून जातो. खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढें मात्र मैदान उभें असतें. ढकलणारा कोण, अडविणारा कोण हें त्यास सर्वनामांच्या आधींच ठाऊक असतें. त्याचें मन मोकळें राहतें, आणि तें मोकळें मन नव्या शब्दाकडे वळतें. 'चेंडू खांबाला चाटून गेला' असें मीं एकदां लिहिलें. 'चाटून' हा शब्द या अर्थानें कोणीं पूर्वीं वाचला नव्हता. परंतु गोल झाला नाहीं हें सर्वांस आठवत होतें, म्हणून अर्थ कोणास विचारावा लागला नाहीं.

आपल्याच जिल्ह्यांत ही दृष्टि जुनी आहे. ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व पुढें अनुताई वाघ यांजसह तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें पाहून या दोघींनीं कुरणावरच शाळा भरविली. मुलाला शाळेकडे ओढण्याऐवजीं शाळा मुलाकडे जाते, हा त्यांतला विचार. मी गोष्टीला मैदानावर नेतों, इतकाच फरक.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. फुटबॉलच्या गोष्टीनें अक्षरओळख होत नाहीं. बाराखडी, जोडाक्षरें, काना-मात्रा हीं नेटानें, रोजच्या रोज शिकवावींच लागतात. गोष्टीचें काम त्यानंतरचें : अक्षरें येऊनहि जो वाचत नाहीं, त्याला वाचतें करण्याचें.

आतां अशा गोष्टी आणाव्या कोठून? मराठींत लहान मुलांसाठीं फुटबॉलवरील पुस्तकें हातीं लागणें कठीण. 2017 मध्यें सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतांत झाली. कांहीं सामने नव्या मुंबईंत झाले आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघांत खेळला. त्यापूर्वीं, 15 सप्टेंबर रोजीं, महाराष्ट्रभर शाळाशाळांतून मुलांस फुटबॉल खेळविण्यांत आला व शाळांना चेंडू वाटले गेले. चेंडूबरोबर एखादें गोष्टीचें पुस्तक आलें असतें तर किती बरें झालें असतें! असो. आम्हीं आमच्या गोष्टी आम्हींच लिहूं लागलों. शनिवारीं सामना, सोमवारीं त्याचा वृत्तांत भिंतीवर. वाक्यें लहान, नांवें मुलांचींच, निकाल शेवटच्या ओळींत. पुढें मुलें हुशार झालीं व शेवटचीच ओळ आधीं वाचूं लागलीं. तेव्हां मीं निकाल मधेंच कोठें तरी दडवावयास आरंभ केला. वाचून झाल्यावर फरशीवर खडूनें मैदान आंखावयाचें, चिंचोके हे खेळाडू समजावयाचे, आणि वृत्तांतांत जसें आहे तसें तें हलवून दाखवावयाचें. कोणाचा चिंचोका चुकीच्या जागीं सरकला कीं बाकीचे भिंतीकडे धांवतात, ओळ शोधतात, आणि ती मोठ्यानें वाचून भांडतात. एकच ओळ सहा सहा वेळां वाचली जाते. मीं सांगून ती दोनदां वाचली गेली नसती.

यापुढची पायरी चरित्रांची. मुलांस सर्वांत प्रिय झालेली कथा डॉ. तालिमेरेन आओ यांची आहे. 1918 सालीं नागा टेकड्यांतील चांगकी या गांवीं त्यांचा जन्म झाला. वडील मिशनचे पाळक होते. इंपूर येथील मिशनच्या आवारांत हा मुलगा चिंध्यांच्या चेंडूनें खेळे. 1935 मध्यें वडील विषमज्वरानें वारले. मुलानें डॉक्टर व्हावें ही त्यांची इच्छा होती. मुलगा जोरहाटच्या मिशन हायस्कुलांत व गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजांत शिकला, कलकत्त्यास वैद्यकीचा अभ्यास करूं लागला, आणि तेथेंच मोहन बागान संघाकडून खेळूं लागला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकांत तो भारताच्या फुटबॉल संघाचा नायक होता व सर्व भारतीय पथकाचा ध्वजहि त्याच्याच हातीं होता. फ्रान्सशीं सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही वायां गेल्या, आणि आपण 2-1 असे हरलों. दोन वर्षांनीं आओ डॉक्टर झाले, आणि पुढें आपल्या डोंगरांत परत जाऊन नागालँडच्या आरोग्य खात्याचे संचालक झाले.

ही कथा वाचतांना वर्गांत एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तोहि आमच्यासारखा डोंगरांतलाच!" विषमज्वर म्हणजे काय, नागा टेकड्या नकाशांत कोठें आहेत, ध्वज धरणारा कसा निवडतात, अशा प्रश्नांनीं पुढील आठवडा गेला. चेंडूमागें धांवतां धांवतां मुलें भूगोलांत केव्हां शिरलीं तें त्यांना कळलें नाहीं. 1911 सालीं मोहन बागाननें गोऱ्या पलटणीचा पराभव केला, त्या अकरांपैकीं दहा अनवाणी व एकटे सुधीर चटर्जी बूट घालून खेळले. हे चटर्जी ख्रिस्ती होते व पुढें रेव्हरंड झाले. त्या बुटांवर आमच्या वर्गांत दोन तास वाद झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं झोपडपट्टींतील मुलें पावसांत मोडक्या बादलीस लाथा मारून खेळत असलेलीं पाहिलीं आणि 2001 पासून त्यांचे सामने भरविले, ही कथाहि आवडती आहे. बादलीचा आवाज कसा झाला असेल तो प्रत्येकास काढून दाखवावयाचा असतो.

मुलींचें काय, असें विचारलें जाईल. आमच्या मुली खेळतात, आणि त्यांच्यासाठीं अष्टम उरांव हिची गोष्ट आहे. झारखंडाच्या गुमला जिल्ह्यांतील ही आदिवासी मुलगी 2022 मध्यें सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकांत भारताची नायिका होती. तिच्या गांवास रस्ता होऊं लागला तेव्हां तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरी करीत होते. भारत तिन्ही सामने हरला. हरल्याची गोष्ट मुलांस आवडणार नाहीं असें मला वाटलें होतें. पण तीच अधिक वेळां मागितली जाते.

पालकांचे आक्षेप नवे नाहींत. 1891 सालीं सेसिल टिंडेल-बिस्को यांनीं श्रीनगरच्या मिशन शाळेंत फुटबॉल आणला, तेव्हां चामड्याला शिवणार नाहीं म्हणून विद्यार्थी अडून बसले होते. त्यांनीं मुलांस बळजबरीनें मैदानावर उतरविलें. तो मार्ग मला पटत नाहीं. आजचा आक्षेप गुणांचा आहे : परीक्षेंत फुटबॉल येतो काय? येत नाहीं. परंतु परीक्षेंत न वाचलेला उतारा येतो, आणि तो वाचण्याचें बळ ज्यानें पुष्कळ वाचलें त्यालाच असतें. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : मूल फुटबॉलपाशींच थांबलें तर? दोन मुलें थांबलीं आहेत, हें मी लपवीत नाहीं. आणि तीन मुलांस चेंडूचें मुळींच वेड नाहीं. त्यांच्यासाठीं मासेमारीच्या व गुरें राखण्याच्या गोष्टी लिहाव्या लागतात. फुटबॉलांत कांहीं जादू नाहीं. मुलाला ज्यांतलें आपल्याहून अधिक कळतें, तेथून आरंभ करावा.

आरंभीं सांगितलेला मुलगा गेल्या दिवाळीनंतर आईबापांबरोबर जगायला गेला, भिंवडीकडे, वीटभट्टीवर. अशीं मुलें पांच-सहा महिन्यांनीं परत येतात तेव्हां पुष्कळांचीं जोडाक्षरें गेलेलीं असतात. जातांना त्याला मीं भिंतीवरील वृत्तांतांची एक वही करून दिली होती. ती होळीनंतर परत आली. पानांवर तांबडी माती होती. आणि शेवटीं, पेन्सिलीनें, भट्टीवरच्या मुलांत झालेल्या दोन सामन्यांचे वृत्तांत त्यानें स्वतः लिहिले होते. शुद्धलेखन वाईट होतें. निकाल मधेंच दडविलेला होता.

यंदाहि अशा वह्या तयार होत आहेत. ज्या पालकांस जगायला जावयाचें आहे त्यांनीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं शाळेंत येऊन आपल्या मुलाची वही न्यावी. स्वतःस वाचतां येत नसलें तरी चालेल. संध्याकाळीं भाकरी होईपर्यंत मुलाला मोठ्यानें वाचावयास सांगावें, आणि तें थांबलें कीं 'मग काय झालें?' असें विचारावें.