पुसला गेलेला थर

1953 साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर ॲसिटिलकोलीन सोडले आणि पट्टी आकसली. जिवंत शरीरात हेच द्रव्य रक्तवाहिन्या रुंदावते, हे तेव्हा सर्वज्ञात होते. मग प्रयोगशाळेत हा उफराटा कारभार का? उत्तर पाव शतक हुलकावणी देत राहिले.

मे 1978. ब्रुकलिनच्या प्रयोगशाळेत सहाय्यकाकडून क्रम चुकला. आधीचे औषध धुऊन न काढताच त्याने ॲसिटिलकोलीनच्याच जातीचे कार्बाकोल धमनीच्या कडीवर टाकले. कडी आकसायला हवी होती, ती सैलावली! एखाद्याने सहाय्यकाला दटावून तो आलेख टोपलीत टाकला असता. बासष्टीला टेकलेले फर्चगॉट मात्र त्या चुकीमागे हात धुऊन लागले. हळूहळू उलगडा झाला: पट्टी कापताना तिची आतली बाजू कशावर तरी घासली जाई आणि जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर, एंडोथेलियम, पुसले जाई. इतकी वर्षे संशोधक स्वतःच्याच हातांनी उत्तर खरवडून टाकत होते.

पण हे अस्तर स्नायूला सैलावायला लावते कसे? एका सकाळी जाग येता येता त्यांना युक्ती सुचली. अस्तर खरवडलेली पट्टी अस्तर शाबूत असलेल्या पट्टीला समोरासमोर भिडवायची. झावाद्झ्की या सहकाऱ्यासह त्यांनी ती जोडी टांगली, द्रव्य सोडले, आणि खरवडलेली पट्टीही सैलावली. अस्तरातून काहीतरी पाझरत होते! 1980 मध्ये ‘नेचर’ने हा शोध छापला. पाझरणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड असावा, असे 1986 मध्ये फर्चगॉट व दुसरे संशोधक इग्नॅरो यांनी स्वतंत्रपणे मांडले. 1998 मध्ये तिसरे संशोधक म्युराड यांच्यासह दोघांना नोबेल मिळाले.

दरम्यान 1992 मध्ये लंडनला सेलेरमायर यांच्या गटाने सुईही न टोचता मुलांचे हे अस्तर तपासले. पट्टा आवळून रक्त रोखायचे, सोडायचे आणि अस्तराच्या इशाऱ्यावर धमनी किती फुलते ते अल्ट्रासाउंडवर पाहायचे. 2001 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी अतिस्थूल मुलांच्या धमन्या न्याहाळल्या. त्या ताठरलेल्या होत्या आणि नीट फुलत नव्हत्या. हृदयविकार ज्या वयात कोणाच्या स्वप्नातही नसतो, त्या वयात!

ही चिंता केवळ उतारवयातल्या हृदयाची नाही. जंतुसंसर्ग रक्तात भिनला की पहिला मार याच अस्तरावर बसतो. ते गळू लागते, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या धरतात, रक्तदाब कोसळतो. अस्तर आधीच थकलेले असेल तर झुंजीची सुरुवातच पिछाडीवरून होते, हा तर्क आज अतिदक्षता विभागातल्या संशोधकांना खुणावतो आहे.

मग असे थकलेले अस्तर सावरू शकते का? हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 9 ते 12 वर्षांच्या स्थूल मुलांचा आहार बदलला, काहींना व्यायामही लावला. 6 आठवड्यांत धमन्या अधिक फुलू लागल्या. व्यायाम करणाऱ्यांच्या तर आणखीच.