स्वतःची चूल, सामाईक अंगण

डच भाषेत ‘हॉफ्ये’ म्हणजे छोटे अंगण. रस्त्यावरून एक साधे दार दिसते. आत मधोमध बाग, पाण्याचा पंप आणि भोवती बुटक्या घरांची रांग. नेदरलँड्समधील सर्वांत जुने समजले जाणारे हॉफ्ये हार्लेम शहरात १३९५ साली डिर्क व्हान बाकेनेस यांच्या दानातून उभे राहिले. पुढे अनेक शहरांतील धनिकांनी अशी अंगणे बांधली आणि पुष्कळांना दात्याचेच नाव मिळाले. गरीब, बहुधा एकट्या वृद्ध स्त्रिया तेथे भाड्याविना राहत. प्रत्येकीला स्वतःचे दार, स्वतःची चूल. मात्र वय, वागणूक आणि अनेक ठिकाणी पंथ पाहूनच प्रवेश मिळे.

आपल्याकडे वाडा होता, अंगण होते, दानही होते. पण निवाऱ्याचे दान मुख्यतः वाटसरूकडे वळले. धर्मशाळा ही चार रात्रींच्या मुक्कामाची जागा, आणि तिच्या दारातली अट जातीची. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. पंढरपूरच्या महाद्वारात त्यांच्या नावाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखामेळ्यांची समाधी. त्या पायरीपुढे ज्यांना जाता येत नव्हते, त्यांना रात्रीचा आसराही सहज मिळत नसे.

हे दार गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) उघडले. कीर्तने करून, लोकांकडून पैसा उभा करून त्यांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली. तिला नाव दिले ते दात्याचे नव्हे, चोखामेळ्यांचे. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले. ही धर्मशाळा त्याच्या किती तरी आधीची. १९४९ साली महाराजांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. यात्रेकरूंच्या मुक्कामाची वास्तू शिकणाऱ्या मुलांच्या कामी आली.

त्यांच्याच नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज परगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग उपचार चालू असेपर्यंत राहतात. मुक्काम लांबला, पण तो मुक्कामच.

डच अंगणाने कायमचे घर दिले, पण अटी ठेवल्या. गाडगेबाबांनी जातीची अट काढली, पण घर देणे धर्मशाळेच्या आवाक्याबाहेरचे होते. या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचे काम अजून शिल्लक आहे. पुसेगावसारख्या गावातून मुले पोटासाठी पुण्या-मुंबईला जातात. मागे एकट्या उरलेल्या म्हातारीला यात्रेतला आसरा पुरत नाही. तिला स्वतःची चूल हवी आणि शेजारच्या दारातून येणारी हाकही.