पांडू हवालदार प्रामाणिक होता, मग ‘पांडू’ हे हिणवायचं नाव कसं झालं?

चैत्र-वैशाख आला की विटा आणि आसपासच्या गावांत यात्रांचा हंगाम सुरू होतो. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली माणसं गावी येतात, यात्रा कमिटी तमाशाची सुपारी देते आणि रात्री वग रंगात आला की स्टेजवर एक ओळखीचं पात्र येतं.

हवालदार.

हातात दंडुका, डोक्यावर तिरकी टोपी. तो तोंड उघडायच्या आतच निम्मी गर्दी हसायला लागलेली असते.

हा विनोदी हवालदार तमाशातून नाटकात गेला, नाटकातून सिनेमात गेला आणि आता रीलमध्ये आलाय. पण तो दिसला की प्रेक्षकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, असा निखळ विनोद आता होत नाही. दुसरा म्हणतो, सणासुदीला घरदार सोडून बंदोबस्ताला उभं राहणाऱ्या माणसाची ही टिंगल आहे.

आता यातलं खरं कोण? त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

विट्याहून तासगावमार्गे सांगलीला निघालं की वाटेत कवलापूर लागतं. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ याच गावचे. ‘जहरी प्याला’ या वगात दोघं हवालदार व्हायचे. एकाचं नाव काळू, दुसऱ्याचं बाळू. या भूमिका एवढ्या गाजल्या की लोक त्यांची खरी नावं विसरले. काळू-बाळू हीच त्यांची ओळख झाली आणि त्यांच्या तमाशाचीही.

पण पोलीसच का? पाटील, सावकार, तलाठी असताना हसायला हवालदारच का लागायचा?

कारण गावातल्या गरीब माणसाला सरकार भेटायचं ते हवालदाराच्या रूपात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागायची. हा कायदा रद्द झाला १९५२ साली. सांगली जिल्ह्यातल्याच वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंनी ‘फकिरा’ कादंबरीत ही हजेरी दाखवलीय. तमाशातले बरेच कलाकार गावकुसाबाहेरच्या समाजांतून आलेले. दंडुका काय असतो हे त्यांना आणि समोर जमिनीवर बसलेल्या प्रेक्षकांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्यात अजून एक गंमत. तमाशाचा खेळ लावायचा तर परवानगी पोलिसांकडूनच काढावी लागते. म्हणजे ज्याच्या सहीनं खेळ उभा राहणार, त्याचीच स्टेजवर फिरकी घ्यायची. आणि खरा हवालदार कुठं असतो? त्याच गर्दीत, बंदोबस्ताला. कित्येकदा तोही हसत असतो.

असा विनोद फक्त आपल्याकडंच झाला असंही नाही. अमेरिकेत १९६१ ते १९६३ या काळात ‘कार ५४, व्हेअर आर यू?’ ही कृष्णधवल विनोदी मालिका चालली. त्यातही पोलिसांची जोडगोळीच होती. बडबड्या, बुटका टूडी आणि शांत, उंच मल्डून. शूटिंग न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर व्हायचं. खऱ्या पोलीस गाडीशी गल्लत नको म्हणून मालिकेतली गाडी लाल-पांढऱ्या रंगाची ठेवली होती. कृष्णधवल पडद्यावर तो लाल रंग कुणाला कळणार होता?

जोडगोळीचा फायदा असा की साहेबाचा हुकूम एकाकडून दुसऱ्याकडं जाईपर्यंत त्याचा पार बट्ट्याबोळ होतो. हसू येतं ते त्या हुकमाचं.

आता येऊ दादा कोंडकेंकडं. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ साली रंगभूमीवर आलं. दादा त्यात हवालदार होते. संहिता तीच, पण त्या दिवशीच्या पेपरातल्या बातमीवर दादा ऐनवेळी कोटी करायचे. एकच नाटक पुन्हा पुन्हा बघणारे लोक होते ते त्यासाठीच.

पुढं १९७५ साली त्यांचा ‘पांडू हवालदार’ आला. यात दोन हवालदार आहेत. दादांचा पांडू भोळा आहे, पण प्रामाणिक आहे. अशोक सराफांचा सखाराम हवालदार लाच खाणारा.

आता नीट बघा. सिनेमात बदमाश कोण, तर सखाराम. पण रस्त्यावर पोलिसाला चिडवायला लोकांनी नाव उचललं ते पांडूचं! आजही कॉन्स्टेबलला पाठीमागून ‘पांडू’ म्हणणारे आहेत. सखाराम मात्र सुटला.

दुसऱ्या तटाचा राग समजून घ्यायचा तर तो इथं आहे. ज्या घरात वडील पोलीस आहेत, त्या घरातल्या पोरानं शाळेत हे नाव ऐकलेलं असतं. शिवाय आपण सरसकट ज्याला हवालदार म्हणतो तो बऱ्याचदा शिपाई असतो. शिपाई म्हणून भरती झालेल्याला हवालदार व्हायला कित्येक वर्षं लागतात. मुंबईत बारा तासांची ड्युटी ठरलेलीच होती. आठ तासांचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला तो थेट २०१६ साली. हे सगळं सोसणाऱ्या माणसाला विनोदाच्या नावाखाली हिणवलं तर तो चिडणारच. २०१९ साली मुंबईतल्या दोन कॉन्स्टेबलवर वेब सिरीज आली, तिचं नाव मुद्दाम ‘पांडू’ ठेवलं होतं. नाव तेच घेऊन त्यामागचा माणूस दाखवायचा तो प्रयत्न होता.

याशिवाय एक तिसरं मतही आहे. ते म्हणतं, विनोदी हवालदार बघून बघून आपण खऱ्या प्रश्नांवरही हसायला शिकलो. चिरीमिरी असो की कोठडीतली मारहाण, पडद्यावर त्याची गंमत झाली की त्याचा राग येईनासा होतो. हे मतही उडवून लावण्यासारखं नाही.

मग करायचं काय? जुना सीन बघताना एवढंच तपासायचं, की हसू नक्की कशाचं येतंय. काळू-बाळू स्टेजवर यायचे तेव्हा हसू दंडुक्याच्या मिजाशीचं होतं, आणि हसणारा माणूस दंडुका खाणारा होता. नाक्यावर उन्हात उभ्या असलेल्या शिपायाला गाडीच्या काचेआडून ‘पांडू’ म्हणणारा ना दंडुका खाणारा असतो, ना त्याला सत्तेची भीती असते. हे दोन्ही एकाच मापानं मोजता येत नाही.

लहू खाडे २०११ साली गेले. वगातला हवालदार मात्र अजून निवृत्त झालेला नाही. यंदाच्या यात्रेत तो स्टेजवर आला की एकदा मागं वळून बंदोबस्ताला उभ्या असलेल्या खऱ्या पोलिसाकडं बघा. तोही हसत असेल, तर विनोद जमला म्हणायचा.