दिव्याची लोंबती कळ

अंथरुणावर पडलेल्या माणसाला दिवा मालवण्यासाठी पुन्हा उठावे लागू नये, ही गरज साधीच. ती लोंबती कळ भागवते. पण या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू येतात, आणि त्यांतील भेद सोयीचा नसून जिवाचा आहे.

पहिली दोरीची कळ. हिची डबी छताला पक्की बसवलेली असते; खाली येते ती केवळ दोरी. दोरी ओढली की डबीतील लहानसे दातेरी चाक एक घर पुढे सरकते, धातूच्या पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि दिवा लागतो. पुन्हा ओढताच चाक आणखी एक घर सरकते, पट्ट्या झटकन विलग होतात आणि दिवा विझतो. वीज वर छताशीच राहते. ओल्या त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. म्हणूनच ब्रिटनमधील न्हाणीघरांत दिव्यासाठी अशी कळ बसवण्याचा प्रघात आहे.

दुसरी, आपल्याकडे पलंगाच्या उशाशी लोंबणारी ‘बेडस्विच’. येथे दोरी नाही, विजेची दुपदरी तार आहे. आणि कळ स्वतःच हाताशी उतरलेली आहे. दोरीने जी वीज छताशी राखली, ती 230 व्होल्टची वीज येथे थेट उशाशी येते. ही तार रोज ओढली जाते, उशीखाली दबते, कळीच्या मानेशी पुनःपुन्हा वाकते. कालांतराने वेष्टनाला तडे जातात, आतील तांब्याचे बारीक तंतू उघडे पडतात. आणि काळोखात चाचपडणारा हात नेमका तेथेच जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. कळ कोणतीही असो, ती ‘फेज’च्या तारेवरच हवी. ती ‘न्यूट्रल’वर जोडली, तर दिवा विझतो खरा, पण त्याच्या होल्डरमध्ये वीज जिवंतच राहते. दिवा बदलणाऱ्याला मात्र ती बंद झाल्यासारखी भासते.

तेव्हा उशाशी बेडस्विच असेल, तर तिची मान दिवसाउजेडी, हात न लावता, न्याहाळावी. तडा दिसल्यास मुख्य कळ बंद करावी आणि चिकटपट्टी न गुंडाळता जाणत्या कारागिराकडून तार व कळ बदलून घ्यावी. जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली अशा दोन कळा असतात. त्याच पद्धतीने दाराशी एक आणि पलंगाशेजारच्या भिंतीत एक कळ बसवता येते. मग अंथरुणातून उठावेही लागत नाही आणि उशाशी लोंबती तारही राहत नाही.